कॅलिफोर्नियात पिस्तूल: परीक्षा ठीक, पण दहा दिवस कशाला?

सॅनहोजेकर: गल्लीत दोनदा घरफोडी झाली. ग्रीन कार्ड हातात आहे, म्हटलं पिस्तूल घेऊन टाकू. आधी लेखी परीक्षा: ३० प्रश्न, २३ बरोबर हवेत, फी २५ डॉलर. शिवाय ताबा मिळण्याआधी दुकानदारासमोर मॅगझिन (गोळ्यांचा खण) काढा, वरची स्लाइड मागे ओढा, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं दाखवा, आणि हे सगळं ट्रिगरला बोट न लावता. हे मान्य. पैसे भरून झाले आणि हात हलवत घरी! राज्याचा नियम, १० दिवस थांबा. समजा माझ्या पार्श्वभूमीची तपासणी (गुन्हे वगैरे) दोन दिवसांत झाली, तर उरलेले आठ कशासाठी? चोर तारीख विचारून येतो का?

मिरचीभजी: ते आठ दिवस चोरासाठी नाहीतच हो. अमेरिकेत बंदुकीने जाणाऱ्या जिवांत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. तशी लाट आली की माणूस दुकानात जातो. आठवडाभरानं तोच माणूस कदाचित जाणार नाही.

सॅनहोजेकर: पटलं असतं. पण माझ्या मित्राकडे दोन बंदुका आहेत, तिसरीलाही तेच दहा दिवस. लाट आली तर पहिली कपाटातच आहे की!

वकीलसाहेब: सिल्वेस्टर खटल्यात हाच मुद्दा होता. २०१४ मध्ये फेडरल जिल्हा न्यायालयाला तो पटला, २०१६ मध्ये नवव्या सर्किटनं (वरचं फेडरल अपील न्यायालय) निकाल फिरवला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपील ऐकायलाच नकार दिला; न्या. थॉमस यांनी त्यावर जोरदार असहमती लिहिली.

पुणेरी_ओकलंड: घाई नडते हो. २०१५, साउथ कॅरोलिनातलं चार्ल्सटन. मारेकऱ्याची तपासणी रखडली, कामाचे तीन दिवस उलटले, फेडरल नियमाप्रमाणे दुकानदारानं पिस्तूल देऊन टाकलं. पुढे त्यानं चर्चमध्ये नऊ माणसं मारली.

सॅनहोजेकर: अहो, हे उदाहरण माझ्या बाजूचं! तपासणी पुरी होईपर्यंत थांबवा ना, महिना लागो. झाल्यावर का अडवता?

शुभा_एलए: आमच्या ऑफिसातल्या एकीला आधीच्या नवऱ्याच्या धमक्या येतात. 'लाट ओसरू दे' हे तिला कोण सांगणार?

मिरचीभजी: शुभाताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. तरीही नियम काढू नये असंच म्हणेन. सॅनहोजेकर, तुमचा मुलगा सातवीत ना? ठेवणार कुठे?

सॅनहोजेकर: कुलूप सोबत घ्यावंच लागतं इथे. तिजोरीचं माप घेतलंय, बायकोच्या साड्यांचा कप्पा रिकामा करावा लागेल. ताबा गुरुवारी. तिला अजून सांगितलेलं नाही.

मिरचीभजी: मग दहा दिवस कमीच पडले म्हणायचे!