दोष यंत्रात की पाण्या-विजेत? घरगुती दुरुस्तीचे अनुभव

दर्यापूर तालुका, जिल्हा अमरावती

घरातली आणि शेजारपाजारची उपकरणे उघडून पाहण्याचा छंद मला शाळकरी वयापासून आहे. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. आपल्या विदर्भातील खेड्यांत पंखा, कूलर, पंप किंवा बॅटरी बिघडते, तेव्हा दोष पुष्कळदा त्या वस्तूत नसतोच. तो आपल्या पाण्यात, विजेत, मातीत किंवा उन्हात असतो. सुटा भाग बदलला की तेवढ्यापुरते काम भागते, पण मूळ कारण तसेच राहिले तर पुढच्या हंगामात तोच भाग पुन्हा जातो. म्हणून सर्वांना विनंती आहे की, काय दुरुस्त केले एवढेच न लिहिता, बिघाडाचे कारण कसे ओळखले तेही लिहावे. सुरुवात मीच करतो.

आमचे गाव पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात आहे. बोरचे पाणी खारट असल्याने ते पिण्यासाठी नव्हे, तर कूलरसाठी वापरले जाते. सलग तीन उन्हाळे आमच्या कूलरचा पाण्याचा पंप एप्रिल संपण्याआधीच बंद पडला आणि दर वेळी मी नवा आणून लावला. चौथ्या वर्षी जुना पंप फेकण्याआधी त्याचे पुढचे झाकण काढून पाहिले, तर आतल्या पात्याच्या दांडीभोवती पांढरा, दगडासारखा कडक थर बसलेला होता. पाते अडकले होते, तरी वीज चालूच राहिल्याने आतली कॉइल तापून जळाली होती. वाळ्याच्या ताट्यांवरही तोच थर होता आणि त्यातून हवा जेमतेम येत होती.

कारण समजायला सोपे आहे. कूलरमधून उडून जाते ते फक्त पाणी. त्यातील क्षार टाकीतच राहतात. आपण रोज वरून नवे पाणी भरत गेलो, तर आठ-दहा दिवसांत टाकीतील पाणी बोरच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक खारट होते. मीठ साध्या पाण्याने धुतले जाते, परंतु चुन्याचा थर तसा निघत नाही. त्यासाठी मी किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्व वापरतो. एक लीटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे घालून त्यात पंपाचे पाते आणि झाकण अर्धा तास बुडवून ठेवावे. बुडबुडे येऊ लागले, की थर चुन्याचाच आहे हे समजावे. याहून महत्त्वाचे म्हणजे दर चौथ्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी करावी. ते पाणी झाडांना मात्र घालू नये. आमची तुळस मी त्यानेच गमावली. ही पद्धत सुरू केल्यापासून एकच पंप चार उन्हाळे चालला आहे.

कारंजा तालुका, जिल्हा वाशीम

कूलरचाच विषय निघाला आहे, म्हणून जीवावर बेतू शकला असता असा आमचा अनुभव लिहिते. सासूबाईंना कूलरमध्ये पाणी भरताना हाताला झिणझिण्या येत. अशा वेळी बऱ्याच घरांत पायाखाली लाकडी पाट घेतात. आम्हीही तेच केले. त्याने झिणझिण्या थांबल्या, पण कूलरच्या पत्र्यात उतरलेला करंट तसाच होता. शेजारची लहान मुले अंगणात अनवाणी खेळतात, हे लक्षात आल्यावर मी टेस्टर पत्र्याला लावून पाहिला आणि तो पेटला. त्याच दिवशी कूलर बंद केला आणि वायरमनला बोलावले.

त्यांनी फेज (वीज येणारी तार) आणि अर्थिंग (गळलेला करंट जमिनीत सोडणारी तार) यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावला, तेव्हा दिवा अगदी मंद पेटला. म्हणजे अर्थिंगची तार होती, पण जमिनीशी तिचा संबंध जवळजवळ तुटला होता. आमची जमीन काळी, भारी आहे. उन्हाळ्यात ती आक्रसून भेगाळते, अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती सुटते आणि ज्या महिन्यांत कूलर चालतो, नेमक्या त्याच महिन्यांत अर्थिंग निकामी होते. हे कारण मला आधी कुणीही सांगितले नव्हते. आता नवे अर्थिंग मोरीच्या पाण्याजवळ, जिथे बाराही महिने ओल असते तिथे, कोळसा आणि मीठ घालून केले आहे. करंट उतरत होता तो पंपाच्या तारेच्या जोडातून. जोडाला टेप गुंडाळलेली होती, पण तो टाकीच्या पाण्यात बुडत असे. ती तार आता बिनजोड आहे. मुख्य बोर्डवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे, म्हणजे करंट गळू लागताच क्षणार्धात पुरवठा तुटतो. त्यावरचे टेस्ट बटण मी दर महिन्याला दाबून पाहते. एवढे सगळे असूनही पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिन काढायचीच, हा नियम मी घरातील प्रत्येकाला घालून दिला आहे. अर्थिंग आणि बोर्डचे काम कृपया स्वतः करू नका.

लाखनी तालुका, जिल्हा भंडारा

माझा अनुभव लहानसा आहे. छताचा पंखा हळू फिरू लागला, तेव्हा व्होल्टेज कमी असेल म्हणून मी महिनाभर दुर्लक्ष केले. पण त्याच खोलीतील दुसरा पंखा नीट फिरत होता, तेव्हा दोष पंख्यातच आहे हे ठरले. पंख्याला फिरायला जोर देणारा अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलताच पंखा पूर्ववत झाला. मेन स्विच बंद करून हे काम पंधरा मिनिटांत होते. वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, जळाली असे गृहीत धरून मोटर भरायला देण्यापूर्वी एवढे अवश्य पाहावे.

आर्णी तालुका, जिल्हा यवतमाळ

कपाशीच्या फवारणीसाठी आमच्याकडे पाठीवरचा बॅटरी पंप आहे. त्यातील 12 व्होल्टची बॅटरी दुसऱ्याच खरिपात चार्ज घेईना. दुकानदाराचे म्हणणे होते की बॅटरी हलकी आहे. माझाही तसाच समज झाला होता. मल्टिमीटरने मोजायला शिकल्यावर खरे कारण कळले. शेवटच्या फवारणीनंतर मी पंप तसाच, उतरलेल्या बॅटरीसह, कोठ्यात टांगून ठेवत असे आणि थेट पुढच्या जुलैत काढत असे. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या स्थितीत महिनोन्‌महिने राहिली, की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि ते पुन्हा निघत नाहीत. आता हंगाम संपला की बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवतो आणि दर महिन्याला व्होल्टेज पाहतो. साडेबाराच्या खाली गेले की पुन्हा चार्जिंगला लावतो. दुसरी बॅटरी आता चौथ्या हंगामात आहे.

नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नका, हे मला कळकळीने सांगायचे आहे. 2017 च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. मी पंपाच्या पट्ट्याला दोरीने एक जुना दातांचा ब्रश आणि सुटे नोझल बांधून ठेवले आहे. तुंबलेले नोझल शेतात साफ करतच बसायचे नाही. हातमोजे घालूनच ते बदलायचे आणि नंतर पाण्यात भिजवून ब्रशने धुवायचे.

वरूड तालुका, जिल्हा अमरावती

संत्र्याच्या बागेसाठी शेतीची लाइन काही दिवस रात्रीच येते. साप-विंचवाच्या भीतीने अंधारात बोरवर जाणे नको, म्हणून मी मोबाईल स्टार्टर बसवला. फोन केला की मोटर सुरू होते, एखादा फेज गेला की आपोआप बंद पडते. मात्र एका मार्चमध्ये तो वीस-वीस मिनिटांनी मोटर बंद करू लागला आणि "ड्राय रन", म्हणजे पंप पाण्याविना चालतो आहे, असा संदेश येऊ लागला. यंत्रच बिघडले असे मानून मी त्याची ड्राय रनची मर्यादा खाली आणली. पाचव्या दिवशी मोटर जळाली.

यंत्र बरोबर होते आणि मी चुकलो होतो. पाणी तुटले की मोटरवरचा भार उतरतो, ती कमी करंट ओढते आणि स्टार्टर तेच पाहून तिला थांबवतो. आमच्या भागात उपसा इतका आहे की बोरची पातळी दर उन्हाळ्यात खोल जाते, आणि स्टार्टर मला तेच सांगत होता. आता मी क्लॅम्प मीटरने दर आठवड्याला करंट मोजून वहीत लिहितो. पाच एचपीची मोटर पाणी भरपूर असताना साडेसात अँपिअर घेते. पाणी तुटू लागले की आकडा सहाच्या खाली येतो. तसे दिसले की मी सलग तीन तासांऐवजी एक तास पंप चालवतो, दोन तास बोरला विसावा देतो आणि पुन्हा चालू करतो. झाडांना पाणी पुरते की नाही, हे वहीतील नोंदी आणि पानांचा तजेला दोन्ही पाहून ठरवतो. जळालेल्या मोटरच्या वाइंडिंगची पावती मी त्याच वहीत पहिल्या पानावर चिकटवली आहे.