मदत हवी आहे: ६४ वर्षांच्या आईसोबत बाको राष्ट्रीय उद्यान (सारावाक, मलेशिया) – गुडघा, उकाडा, होडीच्या वेळा

निळीवाट

नमस्कार. मे महिन्यात आई पुण्याहून माझ्याकडे सिंगापूरला येते आहे. तिथून दोघींनी कुचिंगला (सारावाकची राजधानी) जाऊन बाकोच्या पायवाटा चालायच्या, असा विचार आहे. आईची माहिती:

वय ६४. रोज सकाळी सपाटीवर पाच किमी चालते. सिंहगड आतकरवाडीकडून दीड-पावणेदोन तासांत चढते, पण उतरताना डावा गुडघा दुखतो (झीज सुरुवातीची आहे, डॉक्टरांनी चालायला मनाई केलेली नाही). रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली गोळी. पूर्ण शाकाहारी, अंडं चालतं.

प्रश्न: १) कुचिंगहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतावं की आत मुक्काम करावा? २) कोणत्या वाटा निवडाव्यात? तेलोक पांदान केचिल फार ऐकलं आहे. ३) उकाड्याची तयारी काय?

कातळकडा

आधी पहिला प्रश्न, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. मुक्काम करा. एका दिवसात परतायचं म्हटलं की पोचायला दहा-साडेदहा वाजतात, परतीची होडी भरतीनुसार दुपारी तीन-चारच्या आसपास असते, म्हणजे चालणं नेमकं भर उन्हात येतं आणि शेवटचा उतार घड्याळाकडे बघत उतरावा लागतो. दुखरा गुडघा असलेला माणूस तिथेच घसरतो. वाट अवघड असते म्हणून नव्हे, घाई असते म्हणून. आत राहिलात तर सकाळी साडेसहा-सातला निघून अकराच्या आत परत येता येतं.

वन विभागाच्या खोल्या आणि वसतिगृह उद्यानाच्या मुख्यालयाजवळच आहे, आरक्षण ऑनलाइन होतं. शनिवार-रविवार लवकर भरतात. १ आणि २ जूनला सारावाकमध्ये गवाई हा सुगीचा सण असतो, त्या आठवड्याच्या आसपास जाऊ नका.

वाटांबद्दल. बाको लहान आहे, सुमारे २७ चौरस किमी, पण १९५७ पासूनचं उद्यान असल्यामुळे वाटा नीट आखलेल्या आहेत आणि झाडांवर रंगांच्या खुणा आहेत. चढाई सिंहगडापेक्षा कितीतरी कमी. त्रास उंचीचा नाही, जमिनीचा आहे: मुळांचं जाळं, वालुकाश्माच्या झिजलेल्या पायऱ्या, लाकडी शिड्या, दलदलीवरच्या फळ्या. सपाट रस्ता जवळजवळ नाहीच. फलकावर लिहिलेली वेळ आईंसाठी दीडपट धरा.

पहिल्या दिवशी दुपारी पोचून जेवण, विश्रांती, आणि चारनंतर फक्त तेलोक देलिमा. साधारण एक किमी. लांब नाकाची माकडं दिसायची शक्यता या वाटेवर आणि तेलोक पाकूच्या वाटेवर चांगली, आणि तीही सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. थांबून ऐकायचं. फांद्या जोरात हलल्या की वर बघायचं.

दुसऱ्या दिवशी पांदान केचिल, एका बाजूने २.६ किमी. मुख्यालयाकडून जंगलातून चढ, मग उघडं पठार (घटपर्णी, म्हणजे किडे पकडणारी झाडं, इथेच, वाटेच्या कडेला वाळूत), मग कड्यावरून खाडीचं दृश्य आणि शेवटी किनाऱ्यापर्यंत तीव्र उतार. हा शेवटचा तुकडा आईंच्या गुडघ्यासाठी सगळ्यात वाईट. माझ्या मते ही वाट उलटी करा. सकाळी होडीने थेट पांदान केचिलच्या किनाऱ्यावर उतरा, ताज्या पायांनी तो तीव्र भाग चढा, आणि पठारावरून चालत मुख्यालयाकडे या. मुख्यालयाजवळचा उतार लांब असला तरी टप्प्याटप्प्याचा आहे. होडी आदल्या संध्याकाळीच मुख्यालयात ठरवून ठेवा. लाटा असतील तर होडी किनाऱ्याला लागत नाही. तेव्हा नेहमीच्या बाजूने जा, कड्यावरून खाडी बघा आणि तिथूनच मागे फिरा. किनाऱ्यावर गेलंच पाहिजे असं काही नाही.

लिंतांगची ५.८ किमीची फेरी या वेळी सोडा. पठाराचा मोठा भाग सावलीविना आहे.

निघण्याआधी मुख्यालयातल्या वहीत नाव आणि वाट लिहा, परतल्यावर नोंद बंद करा. कुठली वाट बंद आहे तेही तिथेच कळतं.

खाडीकाठ

होडीबद्दल थोडं, कारण कोकणात वाढलेल्या माणसालाही इथली ओहोटी चकवते. कुचिंगहून बाको गावापर्यंत लाल बस (क्रमांक १) किंवा टॅक्सी, तिथून होडीने वीस ते तीस मिनिटं. उद्यानाचा किनारा फार उथळ आहे. ओहोटीला होडी बाहेरच थांबते आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या पाण्यातून चालत यावं लागतं. वयस्क माणसाला होडीच्या काठावरून पाण्यात पाय टाकणं चालण्याहून अवघड जातं: तुम्ही आधी उतरा, आईंचा हात खांद्यावर घ्या, त्यांनी होडीकडे तोंड करून उतरावं.

तारीख ठरवताना पंचांग बघा. अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या उधाणात पाणी खूप आत-बाहेर होतं, अष्टमीच्या पुढेमागे भांगाची भरती असते तेव्हा फरक कमी. शक्य असेल तर अष्टमीनंतरचे एक-दोन दिवस धरा. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे परतीची होडी कालच्याच वेळी मिळेल असं समजू नका. नावाड्याशी उतरतानाच वेळ ठरवा आणि त्याचा फोन नंबर घ्या.

पट्ट्याच्या सँडल घालूनच होडीत बसा, बूट पिशवीत. उतरल्यावर पाय पुसून, बोटांमधली वाळू काढून मगच मोजे. ओल्या वाळूवर मोजा चढवला की पहिल्या तासात फोड येतो.

मे महिना बरा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळलेला असतो. आणि पोहायचं नाही, आईंना पाय बुडवून बसायचं असेल तरी नाही. नदीमुखाशी खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, फलकही लावले आहेत.

मात्रा

गोळीबद्दल वाचून थांबले. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकतं. बाकोत हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही, नुसता गळतो, शरीर थंड होत नाही आणि मीठ मात्र जातं. गोळी स्वतःहून बंद करू नका. निघण्याआधी डॉक्टरांना "तीन-चार तास उकाड्यात चालणार, मात्रा बदलायची का, सोडियम तपासायचं का" एवढं स्पष्ट विचारा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. गुडघा दुखला म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी देऊ नका. टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन आणि ही वेदनाशामकं एकत्र आली आणि अंगातलं पाणी कमी झालेलं असलं की मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. लागली तर पॅरासिटामॉल.

पाणी: चालताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर, दर पंधरा मिनिटांनी चार घोट. चार तासांसाठी दोघींचं मिळून पाच लिटर धरा. आईंच्या वाट्याच्या अडीच लिटरपैकी एक लिटर ओआरएस असू द्या. पूर्ण पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पूर्ण पाण्यातच. त्याहून कमी पाण्यात पुडी ओतली तर द्रावण जास्त खारट होऊन उलट त्रास होतो. नुसतं साधं पाणी भरपूर पिणंही बरं नाही, रक्तातलं सोडियम उतरतं.

थांबायची लक्षणं: डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, थंड चिकट कातडी. सावलीत आडवं करा, पाय उंच, मान-काख-जांघेत ओली फडकी, वारा घाला. बोलणं असंबद्ध झालं किंवा तोल जायला लागला तर तो उष्माघात समजा: पाणी ओतत राहा, तोंडाने काही पाजू नका, मुख्यालयाला कळवा. उद्यानात डॉक्टर नाही, रुग्णालय कुचिंगला.

निळीवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. वेदनाशामकांचं माहीतच नव्हतं, आईच्या पर्समध्ये ती गोळी कायम असते. मुक्काम नक्की. अजून तीन शंका: आईचे ट्रेकिंगचे बूट पाच-सहा वर्षांचे, पण फार वापरलेले नाहीत, चालतील का? शाकाहारी जेवणाचं काय? आणि आई दमली तरी सांगत नाही, त्याला काय करावं?

कातळकडा

बूट: कमी वापरलेले जुने बूट जास्त धोक्याचे. तळाचा मधला थर पॉलियुरेथेनचा (एक प्रकारचा फोम) असेल तर तो हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो, कपाटात ठेवला तरी. बाहेरून नवा दिसतो आणि वाटेत अख्खा तळ सुटतो. मधल्या थरात अंगठ्याचं नख दाबा, बूट वाकवून बारीक चिरा बघा. चुरा निघाला तर टाकून द्या. नवे घेतलेत तर किमान तीन आठवडे आधी, रोजच्या फेरीला वापरून. सोबत दोन मीटर कापडी चिकटपट्टी काठीला गुंडाळून ठेवा, तळ सुटला तर मुख्यालयापर्यंत आणते.

दोन काठ्या हव्यातच. सपाटीला कोपर काटकोनात येईल एवढी लांबी, उताराला त्याहून पाच ते दहा सेंमी जास्त. टोकाला रबरी टोपी, कारण ओल्या वालुकाश्मावर धातूचं टोक घसरतं. उतरताना आधी दोन्ही काठ्या खाली, मग दुखरा पाय, मग चांगला. शिडीवर मात्र काठ्या तुमच्याकडे, आईंचे हात मोकळे.

दमल्याचं न सांगणं: आईंना पुढे चालू द्या. बहुतेक घरांत तरुण माणूस पुढे जातो, वळून थांबतो, आई पोचली की लगेच निघतो. म्हणजे विश्रांती त्याला मिळते, तिला नाही. त्या पुढे असल्या की वेग त्यांचा. गप्पा मारत राहा. पूर्ण वाक्य एका दमात येत नसेल तर वेग जास्त आहे. "दमलीस का?" विचारू नका, उत्तर "नाही" हेच येणार. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं बसायचं, हे निघतानाच ठरवा. त्यांच्या पाठीवर अर्धा लिटरची बाटली आणि शिट्टी, बाकी वजन तुमचं.

खाडीकाठ

जेवण: उपाहारगृहात भात, परतलेली भाजी, अंडं मिळतं. भाजीत सुकट किंवा माशाचा रस असू शकतो, मांडलेल्या पदार्थांबद्दल विचारून घ्या. मलयमध्ये "साया ताक माकान दागिंग, ताक माकान इकान" म्हणा: मांस खात नाही, मासे खात नाही. वाटेसाठी दशम्या, भाजलेले शेंगदाणे, खजूर घरून न्या, पण घट्ट झाकणाच्या डब्यात. प्लास्टिक पिशवीच्या आवाजावर लांब शेपटीची माकडं येतात आणि हातातून ओढतात. ओढाताण करू नका, दात दिसतील असं हसू नका, पिशवी सोडून द्या. खोलीच्या खिडक्यांना आतून कडी.

मुख्यालयाच्या आवारात दाढीवाली रानडुकरं फिरतात. वाट त्यांना द्या. आणि आईंना एक सवय आधीच लावा: आधारासाठी फांदी किंवा कठडा धरण्याआधी बघायचं. हिरवा वॅग्लर विषारी साप दिवसभर फांदीवर निश्चल बसतो, छेडलं नाही तर काही करत नाही.

निळीवाट

शेवटचं: काठ्या विमानात हातसामानात चालतात का? आणि पासपोर्टचं काही वेगळं?

कातळकडा

काठ्या तपासणीच्या सामानातच द्या, दुमडून टोकांना टोप्या लावून. पासपोर्ट कायम जवळ ठेवा: सारावाकचं स्वतःचं प्रवेश-नियंत्रण आहे, क्वालालंपूरमार्गे गेलात तरी कुचिंगला पुन्हा तपासतात. प्लग तीन चौकोनी पिनांचा, सिंगापूरसारखाच, त्यामुळे तुमचा चार्जर चालेल, आईंच्या भारतीय चार्जरला अडॅप्टर लागेल.