तापलं म्हणजे रासायनिकच असं नाही

एका भाऊंनी लिहिलं, की पदार्थ मिसळल्यावर तापलं किंवा गार पडलं तर बदल रासायनिक, म्हणजे नवा पदार्थ बनवणारा, समजावा. खूण कामाची आहे, पण पुरेशी नाही. कपाशीवर फवारायला बादलीत युरिया कालवा, बादली हाताला गार लागते. तरी युरिया युरियाच राहतो. बदल भौतिक.

आता चुना घ्या. यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ राजूरला चुनाभट्ट्या आहेत. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध १०० किलो दगडाचा ५६ किलोच कळीचा चुना उरतो. दिवाळीआधी आमची आजी तो लोखंडी ड्रमात भिजवायची. खाली जाळ नाही, तरी रटरट उकळायचा! आम्हा पोरट्यांना जवळ फिरकू द्यायची नाही (डोळ्यात उडाला तर डोळा गेलाच समजा). इथे चुना आणि पाणी मिळून नवाच पदार्थ होतो, म्हणून हा रासायनिक.

भिंतीवर मारल्यावर पाणी उडून जातं, तेवढं भौतिक. पण मग तोच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू ओढून परत चुनखडी होतो. त्यामुळे 'रासायनिक बदल उलटत नाही' हा शाळेतला नियमही इथे लंगडा पडतो.