मॉडेल एकच, तरी एका फोनला अपडेट आलं, दुसऱ्याला नाही

प्रश्न
एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन अँड्रॉइड फोन आहेत. एकावर नवी आवृत्ती आठवड्यापूर्वी आली, दुसरा अजून ‘सिस्टीम अद्ययावत आहे’ असंच दाखवतो. ‘गूगल सर्व्हिसेस फ्रेमवर्क’चा (फोनचा गूगलच्या सर्व्हरशी संपर्क ठेवणाऱ्या सिस्टीम ॲपचा) डेटा पुसला की अपडेट लगेच येतं म्हणतात. पुसू का?

उत्तर १
अजिबात पुसू नका. अँड्रॉइड टीममधल्या डॅन मॉरिल यांनी २०१३ मध्येच हा उपाय खोडून काढला होता. डेटा पुसला की गूगलच्या लेखी तुमचा फोन नवाच होतो. मग ॲप्सनी जुन्या ओळखीवर घेतलेली टोकनं (संदेश कुठल्या फोनला पाठवायचा ते सांगणारे संकेत) बाद होतात आणि नोटिफिकेशन येणं बंद पडतं.

अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतात. मॉरिल यांनी तेव्हा सांगितलेला क्रम असा: पहिले २४ ते ४८ तास फक्त १ टक्का फोनांना, त्या फोनांत बिघाड दिसला नाही तर मग २५, ५० आणि १०० टक्के. त्यांच्या सांगण्यानुसार तेव्हा ‘अपडेट तपासा’ दाबल्यावर आपला नंबर लागला का, एवढंच कळायचं. नसेल लागला तर पुढचा टप्पा सुटेपर्यंत कितीही वेळा दाबलं तरी उत्तर तेच यायचं.

उत्तर २
आठवडा उलटलाय, तर टप्प्यापलीकडेही बघा. ‘अबाउट फोन’मध्ये दोन्ही फोनांचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि बिल्ड नंबर (सॉफ्टवेअरच्या नेमक्या आवृत्तीचा क्रमांक) शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडा. सॅमसंग असेल तर ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’मधला सीएससी कोडही बघा. तो तीन अक्षरी असतो आणि देश किंवा नेटवर्क कंपनीनुसार बदलतो. अपडेट त्या कोडनुसार सुटतं, त्यामुळे नेटवर्क कंपनीकडून घेतलेला फोन तिच्या मंजुरीसाठी मागे राहू शकतो.

‘गूगल प्ले सिस्टीम अपडेट’ वेगळं. अँड्रॉइड १० पासून सिस्टीमचे काही भाग गूगल थेट पाठवतं. ते रीस्टार्ट केल्यावरच लागू होतं, म्हणून तिथली तारीख जुनी दिसली तर आधी फोन रीस्टार्ट करा.

प्रश्नकर्ता
सॅमसंगच आहेत. मॉडेल क्रमांक एक, सीएससी वेगळा. दुसऱ्या कोडचं फर्मवेअर (फोनचं मूळ सॉफ्टवेअर) टाकलं तर?

उत्तर २
नका टाकू. कोड बदलताना ओडिनमध्ये (सॅमसंगचं फर्मवेअर टाकायच्या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये) ‘सीएससी’ फाइल निवडली की फोनमधलं सगळं पुसलं जातं. डेटा राखते ती ‘होम सीएससी’ फाइल, पण तिने सहसा कोड बदलत नाही. शिवाय नव्या फर्मवेअरने बूटलोडरची (फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) आवृत्ती वाढवली असेल तर मागे येता येत नाही. थांबणंच बरं.

उत्तर ३
गूगलचा पिक्सेल फोन असलेल्यांना मात्र थांबायची गरज नाही. गूगलच्या साइटवरून आपल्याच मॉडेलची पूर्ण ओटीए (अपडेटची) फाइल घ्या, फोनच्या रिकव्हरीत (दुरुस्तीच्या वेगळ्या मेनूत) ‘अप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी’ निवडा आणि फोन केबलने जोडून संगणकावर ‘एडीबी साइडलोड’ ही आज्ञा चालवा (एडीबी म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन). डेटा जात नाही, तरी बॅकअप घ्याच. संगणकावरचा आकडा ४७ टक्क्यांवर थबकला तरी केबल ओढू नका, फोनचं काम चालू असतं. फोनच्या पडद्यावर ‘स्टेटस ०’ आलं की झालं. फोनवरच्या बिल्डपेक्षा जुनी फाइल दिलीत तर रिकव्हरी ती नाकारेल.