पीठ-मिठाचा उठावाचा नकाशा: मुलांना करायला द्यावा की नको?

फोंड्याची आई
मुलाला शाळेतून गोव्याचा उठावाचा नकाशा, म्हणजे डोंगर-दऱ्या उंच-खोल दाखवणारा, करून आणायला सांगितलाय. मैदा, मीठ, पाणी आणि खाली पुठ्ठा. माझं मत स्पष्ट आहे: हे घरी देणं बंद करा. तेही भर पावसात! मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. पंख्याखाली ठेवून वरून कडक झालं, आत मात्र ओलंच. पुठ्ठा वाकला, सत्तरी तालुक्याच्या बाजूला उभी भेग गेली, खालून बुरशी. शेवटी नकाशा आईबाबांनीच उरकला. मुलाच्या पदरात काय पडलं?

डिचोलीचा मास्तर
ताई, हा दोष वेळेचा आणि पुठ्ठ्याचा. प्रकल्प चांगलाच आहे. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाणी हळूहळू घालत पोळीच्या कणकेहून घट्ट मळायचं. खाली प्लायवूड. घाटाच्या जागी आधी रद्दीचे बोळे चिकटवायचे आणि वर पातळ थर द्यायचा, म्हणजे भेगा कमी पडतात. दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, वर्गातच.
आणि पदरात काय पडतं ते सांगतो. गेल्या वर्षी एक मुलगी काडीने नद्या कोरत होती. मांडवी झाली, जुवारी झाली, मग दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा कोरला आणि ओरडली, ‘सर, तिसवाडी सुटी झाली!’ तिसवाडी बेट आहे हे मी फळ्यावर किती वेळा सांगितलं असेल. तिला ते बोटांनी कळलं.

आगरवाड्याचा मिठागरवाला
मास्तर, तुमच्या मुलीचं कौतुकच आहे, पण मी विरोधात. दोन सेंटिमीटरला पाच किलोमीटर हे माप धरलं तर गोवा उत्तर-दक्षिण चाळीसेक सेंटिमीटरचा होतो. गोव्यातलं सर्वांत उंच शिखर सोनसोगड हजार मीटरच्या थोडंसं वर, म्हणजे नकाशावर अर्ध्या सेंटिमीटरच्याही आत. मुलं डोंगर करतात पाच-सहा सेंटिमीटरचे. दहा पटींहून जास्त! आणि किनारा? सपाट थापून हिरवा रंग. आमची खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहेत, बांध आहे म्हणून कोरगुट भात पिकतो, हे त्या हिरव्या रंगात कुठे दिसतं? मुलाच्या डोक्यात बसतं की गोवा म्हणजे घाट आणि समुद्र, मधे काही नाही.

डिचोलीचा मास्तर
उंची वाढवल्याशिवाय उठाव दिसणारच नाही. जगभर असे नकाशे उभं माप वाढवूनच करतात. फक्त ते कोपऱ्यात लिहायला हवं, आणि बहुतेक शाळांत लिहीत नाहीत, हे मान्य. खाजनासाठी तळाचा थर जाड ठेवून अंगठ्याने दाबा.

वाळपईकर
अन्नाची नासाडी हा मुद्दा कुणीच काढला नाही. वर्गातल्या प्रत्येक मुलाने किलोभर मैदा आणायचा आणि वर्षअखेरीस कचऱ्यात टाकायचा? पाच जणांत एक नकाशा पुरे.

म्हापशाची डॉक्टर
एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा. घरात कुत्रा असेल तर ही कणीक त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. इतकं मीठ पोटात गेलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

आगरवाड्याचा मिठागरवाला
अंगठ्याचा खड्डा म्हणजे खाजन नव्हे, मास्तर. खाजनाचा जीव मानशीत, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांत. भरती आली की पाण्याच्या दाबाने मानशीची लाकडी दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडून आतलं पाणी सोडतात. हे पाणी ओतल्याशिवाय दिसत नाही, आणि तुमच्या कणकेवर पाणी ओतलं की चिखल. त्यापेक्षा शाळेच्या अंगणात चिकणमातीचा करा. चतुर्थीला मूर्ती करणाऱ्या चित्रशाळा गावोगाव आहेत, माती मागितली तर नाही म्हणणार नाहीत. फुटला बांध तर पुन्हा घाला. आमच्या वाडवडिलांनी दुसरं काय केलं?

फोंड्याची आई
मातीचं पटलं. पण अंगणातला नकाशा पहिल्या सरीत जाईल, आणि शाळेला प्रदर्शनात मांडायला काहीतरी लागतंच. कणकेचा असो की मातीचा, पालकसभेत मी एवढंच मागणार आहे: शाळेच्या वेळात, मुलांच्या हातून, आणि वाळपईकर म्हणतात तसा पाच जणांत एक.

आगरवाड्याचा मिठागरवाला
मागा ताई, माझा पाठिंबा आहे. प्रदर्शनासाठी कणकेचाच हवा असेल तर मास्तरांनी त्यावर मोठ्या भरतीची निळी रेघ मारून घ्यावी, पेडण्यापासून काणकोणापर्यंत, प्रत्येक खाडीत आत शिरणारी. रेघ नसेल तर माझा विरोध कायम.