दोघांसाठी समुद्रातला होडीचा एक दिवस : मालवण-देवबाग

कराडकर_जोडी
आम्ही दोघं निवृत्त, वयं ६७ आणि ६३. डिसेंबरात मालवणला मुक्काम करून एक दिवस होडीने किनारा बघायचा आहे. सिंधुदुर्ग, मग देवबागचा संगम, जमल्यास डॉल्फिन. हिच्या गुडघ्यांना पायऱ्या जड जातात आणि माझी बीपीची गोळी लघवी वाढवणारी आहे. होडी कुठली आणि वेळ कुठली घ्यावी?

धक्क्यावरचा
आधी वेळ ठरवा, मग होडी. सकाळी मतलई वारे असतात, तेव्हा पाणी निवांत. अकरा-बाराच्या पुढे खारे वारे धरतात आणि दुपारी दोन ते पाच लाटा आपटायला लागतात. सातला पाण्यावर, साडेदहाला परत, असं बसवा. डॉल्फिनही सकाळच्या शांत पाण्यातच नीट दिसतात.

दुसरं भरती. कोळ्यांचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास. तो मुंबईचा, मालवणला साधारण तासभर आधी धरा. त्रयोदशीला १३ ची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे मालवणला नऊच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून आदल्या दिवशी भरतीचं वेळापत्रक बघाच. तुम्हाला त्रयोदशी-चतुर्दशी सोयीची, कारण चढत्या पाण्यात निघाल आणि धक्क्याला पाणी भरलेलं असताना उतराल. गुडघ्यांचा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो. ओहोटीला होडी खाली जाते, पायरी उंच होते आणि उघड्या पडलेल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं.

संगमावर कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचे दांडे आहेत. उतरत्या पाण्याची ओढ बाहेर आणि समुद्राची लाट आत, अशी दोघं समोरासमोर आली की दांड्यावर लाट फुटते. तेव्हा तांडेलाला (होडी चालवणाऱ्याला) "जरा पुढे जाऊ" म्हणून आग्रह करू नका.

औषधांच्या_फळीवरून
होडी लागत असेल तर एव्होमीन, म्हणजे उलटी थांबवणारी गोळी, निघण्याआधी तास-दीड तास. उलटी सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. पण झोप येते, बीपी थोडा उतरू शकतो, आणि प्रोस्टेट किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. आलेपाक सोबत ठेवा, सौम्य त्रासाला बरा. पोट रिकामं नको, तेलकटही नको. मधल्या किंवा मागच्या बाकावर बसा, नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, आपटी जास्त बसते. नजर क्षितिजावर, मोबाइल खिशात.

काका, लघवीच्या भीतीने पाणी बंद करू नका. तुमच्या गोळीवर, उन्हात, चक्कर येण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. लहान होडीत शौचालय नसतं, म्हणून सकाळची गोळी त्या दिवशी फेरीनंतर घेता येईल का, ते डॉक्टरांना आधीच विचारा.

सातारकर_बोट
कराडहून थेट मालवणला जाण्याआधी एकदा बामणोलीला चढून-उतरून बघा. तिथलं शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी ताटात ओतल्यासारखं, त्यामुळे होडी लागते की नाही हे तिथे कळणार नाही. गुडघे मात्र तिथेच कळतील. आधी हात पकडायचा, मग पाऊल होडीच्या मध्यावर, काठावर नाही, आणि लगेच बसायचं. पिशवी दुसऱ्याच्या हातात द्या.

लाइफ जॅकेट घातल्यावर बक्कल लावून खांद्याकडून वर ओढा. कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे, दुसरं मागा. जांघेतला पट्टा असेल तर साडीवर तो लागत नाही, म्हणून काकूंनी पंजाबी ड्रेस घालावा.

कराडकर_जोडी
बामणोली पक्कं. होडीवाल्याला नेमकं काय विचारू?

धक्क्यावरचा
महाराष्ट्र सागरी मंडळाची नोंदणी आणि प्रवासी क्षमता. त्याहून जास्त माणसं चढली तर उतरा, पैसे गेले तरी चालतील. नांगर दोरीसकट आहे का, वल्ही आहेत का, हेही बघा. इंजिन बंद पडण्याचं एक कारण साधंच असतं, तुटक्या जाळ्याची दोरी पंख्यात गुंतते. ती सोडवेपर्यंत होडी वाहत जाऊ नये म्हणून नांगर. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ मोबाइलमध्ये घालून ठेवा.

आणि मालवणला आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. घाट उतरून पाच-सहा तासांची गाडी झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे उठणं जिवावर येतं.