मदत हवी आहे: नाट्यगृहात वायरलेस इंटरकॉमचा बेस नेमका कोठे ठेवावा?

नमस्कार. आमची हौशी नाट्यसंस्था दर वर्षी राज्य नाट्य स्पर्धेत भाग घेते. यंदा आम्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा वायरलेस इंटरकॉम घेतला असून त्यात एक बेस (सर्वांना जोडणारे मुख्य यंत्र) आणि पाच बेल्टपॅक (हेडसेट जोडलेली, कमरेला लावायची छोटी यंत्रे) आहेत. रंगमंच व्यवस्थापक, प्रकाश, ध्वनी, उजवी विंग आणि रंगपट अशा पाच ठिकाणी ते दिले जातात. गेल्या महिन्यात भरलेल्या नाट्यगृहात आम्ही पहिल्यांदाच तो वापरला आणि जे घडले त्यामुळे मी हा धागा काढत आहे.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी संपूर्ण अंधार करायचा होता. व्यवस्थापकाने "क्यू चौदा (म्हणजे प्रकाशबदलाचा चौदावा इशारा), तयार" असे म्हटले, ते प्रकाशकक्षात नीट पोहोचले; परंतु त्यानंतरचा "गो" पोहोचलाच नाही, हेडसेटमध्ये फक्त संपर्क तुटल्याची टूं-टूं ऐकू आली. प्रकाश चार-पाच सेकंद तसाच राहिला आणि खुर्ची उचलायला आलेला मुलगा प्रेक्षकांना स्पष्ट दिसला. तीन महिने तालीम केलेल्या प्रसंगाचा परिणाम त्यामुळे गेला, याचे सर्वांनाच फार वाईट वाटले.

आदल्या दिवशी रिकाम्या नाट्यगृहात हीच यंत्रणा शेवटच्या रांगेपर्यंत निर्दोष चालली होती, म्हणून मी अधिकच गोंधळलो आहे. बेस डाव्या विंगेत, डिमरच्या (दिवे मंद-तेज करणाऱ्या यंत्राच्या) लोखंडी कपाटाला लागून असलेल्या टेबलावर, जमिनीपासून साधारण पाऊण मीटर उंचीवर होता. प्रकाशकक्ष तळमजल्यावर शेवटच्या रांगेमागे, बेसपासून सुमारे २८ मीटरवर आहे. त्याला समोर काचेची खिडकी आणि खिडकीखाली विटांची भिंत आहे. प्रकाशकक्षातच नाट्यगृहाचा वायफाय राउटरही आहे. बेस तसाच ठेवून त्याचे अँटेना १५ मीटर केबलने बाहेर आणावेत, की बेसच हलवावा? दुसरा बेस घेण्याइतकी आमची ऐपत सध्या नाही. स्पर्धेच्या दिवशी मांडणीसाठी मोजकाच वेळ मिळतो, त्यामुळे जो उपाय सुचवाल तो लवकर उभारता येण्याजोगा असावा, ही विनंती.

प्रतिसाद

आपण मांडणीचे तपशील दिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. रिकाम्या आणि भरलेल्या नाट्यगृहातला फरक हाच येथे मुख्य धागा आहे. माणसाच्या शरीरात पाणी पुष्कळ असते आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ते बऱ्याच प्रमाणात शोषून घेते. शिवाय प्रत्येक प्रेक्षकाच्या खिशातला मोबाइल याच पट्ट्यात वायफाय आणि ब्लूटूथवर बोलत असतो. आपला बेस पाऊण मीटरवर, म्हणजे बसलेल्या प्रेक्षकाच्या छातीच्याही खाली, आणि शिवाय लोखंडी कपाटाच्या आडोशाला होता. रिकाम्या खुर्च्यांमधून जो संकेत कसाबसा निभावला, तो माणसांमधून निभावला नाही.

केबलने अँटेना लांबवण्याचा विचार कृपया सोडून द्या. बाजारात सहज मिळणारी आरजी ५८ जातीची केबल या वारंवारितेला मीटरमागे जवळजवळ एक डेसिबल खाते. पंधरा मीटरनंतर तीसभागातला जेमतेम एक भाग उरेल. बेसच हलवावा, आणि त्याची वीजजोडणी व तारेची जोडणी लांबवावी.

त्याची जागा रंगमंचाच्या दर्शनी चौकटीच्या पुढे, प्रेक्षागृहाच्या बाजूच्या भिंतीलगत असावी आणि तो तीन मीटर उंचीच्या स्टँडवर असावा. तेथून रंगमंचाच्या उघड्या तोंडातून समोरच्या बाजूची विंग दिसेल आणि प्रकाशकक्षाची खिडकीही दिसेल. दोन टोके एकमेकांना नुसती दिसणे मात्र पुरेसे नाही. २८ मीटरच्या अंतरात मध्यावर सरळ रेषेभोवती सर्व बाजूंनी साधारण ९० सेंटिमीटरचा पट्टा लहरींना लागतो, आणि त्यातला निदान साठ टक्के मोकळा असावा. म्हणूनच उंचीचा आग्रह धरतो. लोखंडी वस्तू बेसपासून अर्ध्या मीटरच्या आत ठेवू नयेत. अँटेना उभे ठेवावेत, त्यांची टोके प्रकाशकक्षाकडे रोखू नयेत, कारण अशा अँटेनाच्या टोकाच्या दिशेने संकेत सर्वांत क्षीण असतो.

आता दुसरे टोक. आपला प्रकाशयोजनाकार बसून काम करतो आणि बेल्टपॅक त्याच्या कमरेला असतो, म्हणजे तो विटांच्या भिंतीमागे आणि त्याच्याच शरीरामागे जातो. तो काढून खिडकीच्या चौकटीला टांगावा. साध्या काचेचा अडथळा फारसा नसतो. व्यवस्थापकांच्या परवानगीने राउटर प्रयोगापुरता बंद करावा किंवा ५ गिगाहर्ट्झवर न्यावा. ते शक्य नसल्यास तो बेल्टपॅकपासून दोन-तीन मीटर तरी दूर ठेवावा.

मूळ धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. काल सकाळी बेस सांगितल्याप्रमाणे चौकटीच्या पुढे स्टँडवर लावला, बेल्टपॅक खिडकीला टांगला, आणि संस्थेचे चाळीसएक सदस्य मागच्या रांगांमध्ये दाटीने बसवून चाचणी घेतली. मी स्वतः हेडसेट घालून एकेका रांगेतून चाललो. प्रकाशकक्षात एकदाही टूं-टूं झाली नाही. पहिल्या मांडणीत याच जागी ती दोनदा झाली होती.

रंगपटाचा प्रश्न मात्र उरला आहे. तो रंगमंचामागे, काँक्रीटच्या भिंतीपलीकडे आहे आणि त्याचे दार लोखंडी आहे. दार उघडे असेल तर आवाज येतो, बंद होताच जातो, आणि नाटक सुरू असताना ते उघडे ठेवणे शक्य नाही कारण आतला उजेड मागच्या पडद्यावर पडतो. त्या एकाच ठिकाणी साधी तारेची जोडणी देऊन ती बेसला जोडण्याचा विचार आहे. आमच्या बेसवर तारेच्या हेडसेटसाठी एक जागा मोकळी आहे. ही तार डिमरच्या वीजतारांपासून किती अंतरावरून न्यावी, म्हणजे घरघर येणार नाही, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?